ठकुबाईंची मोरी

रविवारी कोन गावाहून ठकुबाई आपल्या मुलासाठी शैलाला बघायला येणार होत्या आणि शैलाची भावजय चंद्रा हिचा जीव टांगणीला लागला होता. दोन ठिकाणच्या मुली नाकारून आलेली बाई. इथंही मोडलं, तर नातेवाईक भावजयीच्याच नावानं बोटं मोडणार. त्यात रविवारी सकाळीच मध्यस्थ नामा दारातून निरोप टाकून गेला, "वैनी, ठकुबाई जेवूनच जातील. मोरी तेवढी गरम पान्यानं घासून साफ करा. त्यांना जराबी खरखर चालत न्हाय."

चुलीशेजारच्या मोरीत खरखरीशिवाय होतं काय? चंद्रानं पदर खोचला. खरकटी भांडी, राखेचा डबा, काथ्या, साबणाचे तुकडे, सगळं कॉटखाली गेलं. महिन्याचं रेशनचं रॉकेल जाळून तिनं चार हंडे पाणी तापवलं आणि फरशी घासली. तरी बोट फिरवलं की काहीतरी लागायचंच.

तेवढ्यात लूमवरची शिफ्ट संपवून तिचा नवरा यादव आला, हातात बोंबील घेऊन.

"हे कुठं साफ करू? धुतलेल्या मोरीत?" चंद्रा म्हणाली.

"मग पाव्हन्यांना वाढनार काय?"

"वरन-भात. भांडी कमी लागतात."

बोंबील शेजारच्या रंगूबाईंकडे गेले आणि यादव आंघोळीला रस्त्यावरच्या नळावर.

दुपारी नामाबरोबर ठकुबाई आल्या. पाय धुवायला पाणी त्यांना दारातच मिळालं. शैलाला चार प्रश्न विचारून त्या पाटावर बसल्या आणि ताटाकडे बघून थांबल्या.

"आनि मोरी?"

चंद्रानं घाम पुसला आणि त्यांना हात धरून कोपऱ्यात नेलं. "चार हंडे गरम पानी लागलं. हात फिरवून बगा, खरखर न्हाय."

ठकुबाईंनी खरंच हात फिरवला. मग त्या वळल्या. "नामा, मी मोरी माशाचं कालवन सांगितलं व्हतं. खरखर त्याच्या कातड्याची."

"मी बी मोरीच सांगितली," नामा म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

चंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्या चुकीपायी पोरीला नको म्हनू नका."

ठकुबाई पुन्हा पाटावर बसल्या आणि दोनदा मागून वरण-भात जेवल्या. निघताना चपला घालत म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. पुढच्या रविवारी समदी कोनला या. आमची मोरी बगा."

त्या दिसेनाशा झाल्यावर यादव पोट धरून हसायला लागला. चंद्राला काही हसू येईना.

"अवो," तिनं हळूच विचारलं, "जेवून जायाचं का उपाशी?"