उखर्डू आबा नाव घेत नाहीत

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका आपल्याकडे पैशाला पासरी होत्या. शोधल्या तर अजूनही सापडतील. पण अख्ख्या गावाचंच नाव न घेणारा पुरुष मी एकच पाहिला. आमच्या साक्रीतले उखर्डू आबा. त्यांच्या लेखी माणसांना नावं नसतातच. मी म्हणजे 'चष्मावाली'. माझी आई 'पापडवाली'. समोरचे मास्तर 'लाल गाडी'. मास्तरांनी लाल गाडी विकून पांढरी घेतली, तरी ते लाल गाडीच राहिले. आबांचा सख्खा मुलगा सुरतेला कामाला आहे, तो 'सुरत'. त्याचा फोन आला की आबा अगदी प्रेमाने विचारतात, "सुरत, जेवना का?"

याला कारण आबांचा धंदा. त्यांच्या रिक्षावर भोंगा आहे आणि गावात कोणी वारलं की आबा गल्लोगल्ली फिरून ते सांगतात. "सर्वांना कळविण्यात येते की..." इथपर्यंत त्यांचा आवाज एका पट्टीत येतो. मग ते थोडं थांबतात. तेवढ्यात बायका गॅस बारीक करतात, टीव्हीचा आवाज बंद होतो, भांडणारे नवरा-बायको एकमेकांकडे बघत उभे राहतात. मग नाव येतं. ते आपल्यातलं नसलं की आधी हुश्श आणि मग अरेरे, असा आमच्या गल्लीचा क्रम आहे.

सांगतात की पूर्वी आबा सगळ्यांना नावाने हाक मारायचे. एकदा दूधवाल्याला त्यांनी रिक्षातूनच, भोंगा सुरू असताना, नाव घेऊन हाक मारली. आठवड्याच्या आत त्याच नावाची दवंडी त्यांना द्यावी लागली. त्यानंतर गावाने ठराव वगैरे काही केला नाही, पण जिवंत माणसाचं नाव आबांच्या तोंडून येऊ द्यायचं नाही हे सगळ्यांना आपोआप कळलं. एका गणेशोत्सवात नव्या अध्यक्षाने काही माहीत नसताना आबांच्या हाती माईक दिला आणि बक्षिसं वाचायला लावली. आबांनी खो-खोच्या विजेत्या मुलाचं नाव वाचलं मात्र, त्याच्या आईने त्याला मांडवातूनच उचलून घरी नेलं आणि त्याची दृष्ट काढली. त्याची बक्षिसाची ढाल अजून मंडळाच्या कपाटात पडून आहे.

गंमत म्हणजे आबांच्या स्वतःच्या नावाला कोणी भीत नाही. त्यांच्याआधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईने त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि मरणाला किळस यावी असं नाव ठेवलं. आबा म्हणतात, "यमले मन्हं नावच आवडत नही."

मी धुळ्याला कॉलेजात आहे. आम्ही विद्यार्थी मिळून 'पोटापाण्याच्या गोष्टी' नावाचा पॉडकास्ट करतो, म्हणजे करणार होतो. पहिली मुलाखत माझ्याकडे आली. बँकेतल्या एका साहेबांना धरलं होतं, त्यांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. सर म्हणाले, सोमवारी भाग आला नाही तर पहिला मान दुसऱ्या गटाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शनिवारी घरी आले आणि रविवारी भर दुपारी फोन घेऊन सरळ आबांच्या घरात शिरले.

सकाळीच निरोप धाडला होता, त्यामुळे आबा तयारच होते. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. फक्त हातात आपला माईक धरल्याशिवाय त्यांना बोलता येईना. माईकची वायर खिडकीतून दारातल्या रिक्षापर्यंत गेली होती. म्हटलं, धरा, बंद तर आहे.

"आबा, या क्षेत्राकडे आपण कसे वळलात?"

"मी वळनू नही. रिक्षा वळनी. पहिले सिनेमाना भोंगा व्हता."

"या करिअरमध्ये वाढीच्या संधी किती आहेत?"

"गाव वाढी राहिनं. मंग वाढच वाढ."

"तरुणांना काय सल्ला द्याल?"

"खोकला संभाळा."

मी खुशीत होते. मग मी कागदावरचा प्रश्न विचारला, या कामात काही खंत आहे का. आबा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. तिथे त्यांची सूनबाई, रेखावहिनी, चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिच्या पायाशी पाच वर्षांची नात खेळत होती. वहिनी देवमाणूस आहे, पण पोरीच्या बारशाला तिने सासऱ्यांना बाहेर ओट्यावर बसवलं होतं. "मन्ही नात शे," आबा म्हणाले. "तिन्हं नाव आजपावत मी लिधं नही." वहिनीने मान खाली घातली. मी पटकन विषय बदलला.

"आबा, जरा सॅम्पल म्हणून दाखवा ना. नुसती सुरुवात."

"नाव नही, मंग कसं बोलू?"

"नाव नको. सुरुवातच."

आबांनी डोळे मिटले. सवयीने अंगठा सरकला आणि माईकचं बटण दाबलं गेलं. "सर्वांना कळविण्यात येते की..." हे शब्द खोलीत आले आणि त्याच वेळी बाहेरूनही आले, मोठ्याने. आबा दचकून थांबले.

गल्लीतला मिक्सर बंद पडला. मी खिडकीतून पाहिलं. एकेक दार उघडत होतं. बायका ओट्यांवर आल्या होत्या, मास्तर अर्ध्या गालाला साबण लावून उभे होते. सगळे रिक्षाकडे बघत होते आणि रिक्षात कोणीच नव्हतं. नुसता भोंगा घूंऽ करत होता. लोक नावाची वाट बघत होते.

"आते नाव लागी," आबा माईकवर हात ठेवून कुजबुजले.

"चुकून झालं म्हणा आणि बंद करा."

"अर्धी सोडेल दवंडी नाव धुंडत फिरस, पोरी." अर्धवट सोडलेली दवंडी कुणाचं नाव शोधेल, या विचाराने त्यांची नजर, त्यांच्याही नकळत, नातीवर गेली होती. वहिनीने ट्रे खाली टाकला आणि दोन्ही हातांनी पोरीचे कान झाकले.

कॉलेजच्या वादविवादात अंधश्रद्धेवर मी फार टाळ्या घेतल्या आहेत. पण ती पोर आईच्या हाताखालून माझ्याकडे बघत होती.

"माझं घ्या," मी म्हणाले.

"नही."

"घ्या आबा. तेजस्विनी."

आबांनी माईक तोंडाशी नेला. "कुमारी तेजस्विनी, राहणार साक्री..." आणि ते थांबले. नावानंतरही आबा असेच थांबतात; ते थांबणं मी लहानपणापासून दुसऱ्यांच्या नावामागे ऐकत आले होते. स्वतःच्या नावामागे ऐकलं तेव्हा मी खिडकीचा गज धरला. "यांनी आज आपली पहिली मुलाखत घेतली आहे. मुलाखत चांगली झाली. तरी सर्वांनी..." इथे आबा अडकले. पुढे अंत्ययात्रा यायची, ती आज नव्हती. "तरी सर्वांनी आपापल्या घरी जावे."

कोणी हसलं नाही. माझी आई पिठाच्या हातांनी, अनवाणी धावत आली, मला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, एक थोबाडीत दिली आणि रडायला लागली. मीही रडले. मला काहीच झालं नव्हतं, तरी रडू थांबेना.

आबा मात्र खुर्चीत बसून माझं नाव पुन्हा पुन्हा पुटपुटत होते. "जित्तं नाव तोंडात गोड लागस," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नातीकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

वहिनीने फुटलेले कप बाजूला सारले. मग ती मला म्हणाली, "पहिले ते बठ्ठं बंद कर ताई. भोंगा, फोन, बठ्ठं. मंग लेवू दे त्यासले तिन्हं नाव."

मी सगळं बंद केलं. भोंग्याची घूं थांबली. आबांनी तोंड उघडलं, पण तीन गल्ल्या ऐकू जाणारा तो आवाज येईच ना. दोनदा खाकरले. मग भलत्याच, घोगऱ्या, कुठल्याही आजोबाचा असावा अशा आवाजात त्यांनी नातीचं नाव घेतलं. मी ते ऐकलं आहे. इथे लिहीत नाही, वहिनीला आवडणार नाही.

"काय आबा?" पोरीने विचारलं.

आबा गोंधळले. नाव घेतल्यावर समोरून कोणी उत्तर देईल, याची त्यांना सवयच नव्हती.

"काही नही," ते म्हणाले. "तू शेस का, ते देखं."