तिकडल्याची शिल्लक रजा

नियमाचा अर्थ लावावा तर धर्मपाल तायड्यानेच, असं अमरावतीत म्हटलं जातं. म्हणजे मी म्हणतो. अजून कुणी लेखी हरकत घेतलेली नाही. अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढली. कुणाची रजा, कुणाची वेतनवाढ, कुणाची बदली, सगळे कागद माझ्या टेबलावरून गेले. साहेब बदलले, टेबल तेच राहिलं. त्यामुळे त्या रविवारी आमच्याच घरात राक्षसाचा प्रश्न निघाला, तेव्हा गप्प बसणं ही कर्तव्यात कसूर ठरली असती.

राक्षस खेळातला. आमची प्रियदर्शनी दोन वर्षांपासून दर रविवारी मित्रमैत्रिणींना जमवून एक खेळ खेळते. त्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात आणि अडलं की फासे टाकतात. गोष्ट सांगणारी आमची प्रिया, वीर तिघे: रोहित, पिंकी आणि सागर. नियमांचं इंग्रजी पुस्तक उशाला घेता येईल एवढं जाड. दोन वर्षं मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत त्यांचा आरडाओरडा ऐकत होतो. एरवी आम्हा बापलेकीचं बोलणं "जेवली?" आणि "हो" एवढ्यावर आलं होतं.

पण त्या रविवारी शेवटचा डाव होता. सागरला हैदराबादेत नोकरी लागली होती. बडनेऱ्याहून सव्वापाचची गाडी, बॅग आमच्या दारातच ठेवलेली. हे चौघं पुन्हा एका टेबलाशी कधी बसतील, कुणालाच ठाऊक नव्हतं. साडेचारच्या आत राक्षसाशी लढाई व्हायला हवी, गोष्ट संपायला हवी, असं प्रियाने ठरवलं होतं. दोन वर्षं ती त्यांना याच लढाईकडे नेत होती.

राक्षसाचं पुस्तकातलं नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं. तो आपल्या जगातला नव्हता, म्हणून पोरं त्याला 'तिकडला' म्हणत. त्याची शक्ती अशी की, दिवसातून एकदा तो ज्याच्याकडे रोखून पाहील त्याची वाचा बसायची. शिवाय प्रियाचा घरचा नियम कडक होता. ज्याच्या वीराची वाचा बसली, त्याने ती परत येईपर्यंत खऱ्यातही तोंड उघडायचं नाही.

दोन वाजता वाद पेटला.

"तिकडल्यानं सकाळीच पिंकीवर नजर टाकली, आत्ता कुठं तिची वाचा परत आली," रोहित म्हणाला. "आजचा कोटा संपला त्याचा."

"त्याच्या जगातला दिवस लहान असते," प्रिया म्हणाली. "त्याचा नवीन दिवस लागला."

"पुस्तकात कुठं लिवलं हाय?" रोहितने दाराकडे तोंड करून हाक मारली, "काका, तुमी सांगा. तुमी नियमातले मानूस."

मी पेपरसकट दारात हजर. प्रियाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणते. पण ती म्हणाली, "बसा मंग, बाबा."

मी चष्मा पुसला आणि राक्षसाचं पान उघडलं. निर्णय देताना माझी भाषा आपोआप शुद्ध होते, त्याला माझा इलाज नाही.

"हा तिकडला इथे कायम आहे की तात्पुरता?"

"तात्पुरता," प्रिया म्हणाली. "काम झालं की परत जाते तो."

"म्हणजे प्रतिनियुक्तीवर. तिकडे किती वर्षं होता?"

"हजार. झोपून होता."

"आणि नजर एकदाही वापरली नाही?"

"नाई."

"मग सोपं आहे. प्रतिनियुक्तीवर आलेल्याची अर्जित रजा मूळ खात्यातून सोबत येते. न वापरलेल्या नजराही येणार."

पिंकीने मोबाइलवर हिशोब केला. "तीन लाख पासष्ट हजार?"

पोरांचे चेहरे उतरले. मी हात वर केला. नियमात दयामाया असते, हे लोकांना माहीत नसतं.

"घाबरू नका. साठवणुकीची कमाल मर्यादा तीनशे आहे. तीनशेच मिळतील त्याला."

"काका," रोहित म्हणाला, "तुमी आमच्याकडून हाय का त्याच्याकडून?"

"मी नियमाकडून."

पोरांनीच विचारलं होतं, त्यामुळे प्रियाने निर्णय जसाच्या तसा लागू केला. पहिल्या फेरीत रोहित मुका, दुसऱ्या फेरीत पिंकी, तिसऱ्या फेरीत सागर. शिल्लक दोनशे सत्त्याण्णव. लढायला लागणारा मंत्र कुणालाच म्हणता येईना. ज्या टेबलावरचा गलका कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जायचा, तिथे पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

त्या शांततेला घाबरून रागिणी, म्हणजे आमच्या मिसेस, आलूबोंड्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या.

"पोरं कावून गप्प हाय? सागर, घरी सगळं बरं हाय नं बाप्पा?"

सागरने मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. रोहितने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांपाशी नेली आणि डोळे मोठे केले. रागिणीने काढायचा तो अर्थ काढला.

"पोरगं आज गाव सोडून चाललं, अन् तुमी त्याच्यावर डोळे वटारले?"

"मी नाही, राक्षसाने."

"तेच म्हनून राहिली मी," असं म्हणून ती ताटली ठेवून आत गेली. माझ्या वाटणीचे दोन आलूबोंडे तेवढे परत नेले.

एवढ्यात सागरने वहीवर लिहिलं: 'अपील करायचं आहे.' मला आनंदच झाला. अपिलाशिवाय निर्णयाला वजन येत नाही. मी अकोल्याला चंद्रभानला फोन लावला. तोही तिकडच्या कचेरीत आस्थापनेलाच आहे, आणि वऱ्हाडात माझ्या खालोखाल नियम कुणाला कळत असतील तर त्याला. हे खालोखाल त्याला मान्य नाही.

मी स्पीकर सुरू केला आणि प्रकरण सांगितलं.

"तायडे भाऊ, तुमी अर्जित रजा कुठून काढली?" चंद्रभान म्हणाला. "दिवसातून एकदा म्हंजे किरकोळ रजेसारखं. वापरली नाई का बुडाली. शिल्लक शून्य."

पोरांनी मुक्यानेच टाळ्या वाजवल्या. मला ते झोंबलं. मी पोटनियम काढला, त्याने खुलासा काढला. मी परिपत्रक काढलं, त्याने शुद्धिपत्रक काढलं. असा पाऊण तास गेला. अखेर चंद्रभान म्हणाला, "अन् वय काय म्हनलं त्याचं? हजार? मंग अठ्ठावन्नलेच निवृत्त झाला तो. त्यानंतर त्यानं जे केलं ते सगळं रद्द."

काय मुद्दा काढला होता पठ्ठ्याने! मी मोठ्या मनाने मान्य केलं आणि फोन ठेवून जाहीर केलं, "लढाईची गरजच उरली नाही. शाल-श्रीफळ देऊन त्याला निरोप द्यायचा. प्रकरण निकाली."

चार वाजून गेले होते. सागरने घड्याळाकडे पाहिलं, मग दारातल्या बॅगेकडे. प्रिया हातातला फासा नुसताच फिरवत होती. दोन वर्षं जपलेली लढाई मी निरोप समारंभात काढली, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. अशी चूक मी कुणाच्या सेवापुस्तकातही कधी केली नव्हती.

प्रियाने पुस्तक ओढून पहिलं पान उघडलं आणि मराठीत वाचून दाखवलं, "नियमाबद्दल शंका आली, तर गोष्ट सांगणाऱ्याचा निर्णय अंतिम."

"हे तुले माहीत होतं?" माझी भाषा जाग्यावर आली.

"हाव."

"मंग दोन तास मले कावून बोलू दिलं?"

"दोन वर्षांत पहिल्यांदा तुमी आमच्यात येऊन बसले, बाबा. तुमाले मजा येऊन राहिली होती. कशी उठवू तुमाले?"

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी "बेटा" पर्यंत आलोही होतो.

"तर माझा निर्णय ऐका," प्रिया म्हणाली. "सगळ्यायची वाचा परत आली. तिकडल्याचा नवीन दिवस लागला, अन् नजर एकच." तिने फासा टाकला. "ती त्यानं बाबावर टाकली."

त्यानंतर लढाई जी झाली ती काय सांगू. पिंकी पडली, रोहितने तिला उठवलं, तिकडल्याने अर्धा किल्ला खाली आणला. चार वाजून पंचवीस मिनिटांनी सागरने उभं राहून शेवटचा फासा टाकला आणि तिकडला कोसळला. घर दणाणलं. चौघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही ओरडणार होतो, पण नियम म्हणजे नियम. दारात सागर "जयभीम काका, येतो" म्हणाला, तेव्हाही मी नुसतेच हात जोडले आणि त्याची बॅग रिक्षापर्यंत नेली.

परत येऊन मी प्रियाला स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"माझा निर्णय तर अंतिम हाय," ती हसत म्हणाली. "पन आईकडे अपील करून पाहा."

मी रीतसर अर्ज लिहिला, तारीख टाकली, सही केली आणि स्वयंपाकघरात नेऊन दिला. रागिणीने हात पुसून तो दोनदा वाचला. सव्वीस वर्षं माझ्यासोबत काढलेली बाई, कचेरीची भाषा तिलाही येते.

"आदेश कायम," ती म्हणाली. "अन् मंगळवारपर्यंत मुदतवाढ."

आज सोमवार आहे. म्हणून तर हे सगळं लिहून काढलं.