अर्धा राहिलेला बाजार

भालेराव डॉक्टर भूल देताना पेशंटला आकडे मोजायला लावत नसत, बाजाराला पाठवत. "आठवडी बाजाराला निघालात. काय काय घ्याल, सांगा." पेशंट कांदे-मिरच्या घेता घेता झोपी जाई. शुद्धीवर आला की डॉक्टर कानाशी हजर, "मंग? पुढं काय घेतलं?" उरलेला बाजार ऐकल्याशिवाय ते कुणाला वॉर्डात जाऊ देत नसत.

नव्वदच्या सुमाराला जालन्यातल्या एका दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. एकदा वाटूरचे एक गुरुजी उठल्या उठल्या कोथिंबिरीच्या भावावरून डॉक्टरांशीच भांडले. "भांडून राह्यले म्हणजे मेंदू बराबर," डॉक्टर खूश! असा डॉक्टर मला पुन्हा भेटला नाही.

मग कुंभार पिंपळगावच्या कौसाबाई आल्या. साखरेचा जुना आजार, त्यात नाकातून शिरलेल्या बुरशीनं तोंडातली टाळू काळी पडलेली. ती डोळ्याकडे सरकायच्या आत वरचा निम्मा जबडा काढायचा होता. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. श्वासाची नळी जाईल का, बाई पुन्हा उठेल का, याची सगळ्यांनाच धास्ती. "साखर जरा उतरू द्या, मंगच," म्हणत डॉक्टर सर्जनशी तंडले. शेवटी त्यांनी मास्क धरला.

"लेकीला बांगड्या घेते..."

"कोणत्या रंगाच्या, मावशी?"

उत्तराआधीच डोळे मिटले.

कौसाबाई उठल्या, पण टाळूच गेल्यानं शब्द उमटेना. नुसती नाकातून हवा. डॉक्टर रोज सकाळी खाटेशी, "मंग? कोणत्या रंगाच्या?" त्या तोंड फिरवायच्या. मला तर डॉक्टरांचा रागच आला.

"अहो, बाई वाचली, झालं की!" मी म्हणाले.

"आमच्या आईला भूल दिली तवा ती कायतरी सांगून राह्यल्ती," ते हळूच म्हणाले. "उठलीच न्हाई. अर्धंच राह्यलं."



काही आठवड्यांनी दंतवैद्यानं टाळूची प्लेट बसवली. तोंडाला पदर लावून कौसाबाई बोलल्या, "हिरव्या." मग पदर काढून, "अन् गूळ. अन् जावयाला टोपी. बसा डॉक्टर, लई राह्यलंय."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. थिएटरच्या दारातून सर्जन ओरडले, "भालेराव, पुढचा पेशंट तयार आहे!"

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाले. "आई बोलून राह्यली."