अप्पांचं पितळी बोंड

सेलूत मन्मथअप्पांकडून पत्र्याची पेटी करून घ्यायची म्हणजे आधी मुलाखत द्यावी लागते.

"काय ठिवायचं हाय आत?" हा पहिला प्रश्न. "सामान" असं म्हटलं की अप्पा हातोडी खाली ठेवतात. "सामान म्हंजे? कपडे, का भांडे, का कागदं? कपड्याच्या पेटीच्या कडा आत मुडपाव्या लागतेत, न्हाई तर धागा आडकतो. नीट सांगा." वालूरचा एक बागायतदार चिडून म्हणाला, "तुमाला काय करायचं?" तो धान्याची कोठी न घेताच परत गेला. मी जुन्या वह्यांसाठी पेटी सांगितली, तर मलाच विचारलं, "सर, परत वाचणार हाव का? न्हाई तर पोतं बरं."

मी त्यांचा शेजारी. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून अप्पा बसले की त्यांच्या ठोकाठोकीनं आमची गल्ली उठते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागं त्यांच्या पत्नी, शिवकांताकाकू, वाकळा शिवायच्या. जुन्या लुगड्यांच्या त्या वाकळा पांघरूनच गल्लीतली निम्मी लेकरं मोठी झाली. शिवताना काकूंचं तोंड अखंड चालू. अप्पांना वर मान करायची उसंत नसे.

दोन वर्षांपूर्वी काकूंचा उजवा हात लुळा पडला. जीभ शाबूत होती, पण सुई सुटली तशा त्या गप्पच झाल्या. अर्धी वाकळ गुंडाळून माळ्यावर गेली. विचारलं तेवढं बोलायच्या, तेही मानेनं.

गेल्या हिवाळ्यात अप्पांनी एक अजब काम काढलं. गिऱ्हाईक नसलं की पितळेचा पत्रा घेऊन बसायचे. कापायचे, ठोकायचे, मनासारखं झालं नाही की मोडायचे. हळूहळू आकार आला. कापसाचं बोंड, चांगलं नारळाएवढं! पाच पाकळ्या, प्रत्येकीला बारीक बिजागरी. देठ दाबला की बोंड उमलायचं. आत खरा कापूस.

"अप्पा, आत काय ठेवणार?" मी विचारलं.

"तुमाला काय करायचं?" अप्पा म्हणाले.

गल्लीत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे सोनं, कुणी म्हणे निजामाच्या काळातली मोहर. समोरचा न्हावी तर शपथेवर सांगायचा, की नागमणी आहे.

बोंड पुरं झालं त्या दुपारी अप्पांनी मला हाक मारली. "सर, जरा आत चला संगं." एकट्यानं काकूंपुढं जायचा धीर होत नव्हता, हे त्यांच्या घामेजल्या कपाळावरून कळत होतं.

काकू खाटेवर बसल्या होत्या. अप्पांनी बोंड पुढं ठेवून देठ दाबला. पाकळ्या उघडल्या. कापसात एक काळपट अंगुस्तान होतं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते. पत्र्याचं, वेडंवाकडं, झिजल्यावर दोनदा डाग देऊन सांधलेलं. लग्नाच्या वर्षी अप्पांनी केलेलं, शिकाऊ हातांनी. हात गेला तेव्हा काकूंनी ते भंगारात फेकलं होतं.

"तीन दिस भंगार चाळलं," अप्पा पुटपुटले. "तवा घावलं."

काकूंनी वाकून आत बघितलं. मग एकदम कडाडल्या, "माझ्या अंगुस्तानाची समाधी बांधली व्हय? मी आजून जित्ती हाय!"

अप्पांचा चेहरा पडला. "समाधी न्हाई गं. जपून ऱ्हावं म्हणून..."

"जपून? वापरायची चीज ती! आन उभे कामून ऱ्हायलाव? वाकळ काढा खाली!"

अप्पांनी माळ्यावरून वाकळ काढली, झटकली, सुईत दोरा ओवून दिला. काकूंनी दातांनी धरून अंगुस्तान डाव्या हाताच्या बोटात चढवलं. पहिला टाका तिरका गेला, दुसरा त्याहून तिरका.

"ताणून धरा की! जलम गेला पत्रा ठोकण्यात, कापड धरता येईना? तिकडं न्हाई, इकडं! सरापुढं तरी नीट वागा!"

अप्पा दोन्ही हातांनी वाकळ ताणून खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, माणूस खजील झाला असेल. मी निघायला उठलो, तेव्हा त्यांनी वर बघितलं. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू.

"ऐकायलाव ना सर?" ते हळूच म्हणाले. "बोलायलीय."