नरसिंहरावांचा मागचा दिवा

"पिढ्यान्‌पिढ्या दिवे विकतोय आम्ही! अन् गाडीच्या एका दिव्यासाठी मेकॅनिकच्या दारात जाऊन उभा राहू?"

हे वाक्य नरसिंहरावांनी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की त्यांच्या बायकोनं, भवानीबाईंनी, ते ऐकणंच सोडून दिलं. तसं ते खोटं नव्हतं. कुंभकोणमच्या बाजारात त्यांचं पितळी समयांचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. आता समईला वात लागते आणि गाडीला वायर, हा बारीकसा फरक त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?

सांगणारी एकच होती. लेक अक्षया!

तिचं लग्न तोंडावर आलं होतं. नवरीला मांडवात आपल्याच गाडीतून न्यायचं, हा बापाचा हट्ट. गाडी जुनी हायब्रिड. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. सुरू झाली तरी हूं की चूं करायची नाही, हळूहळू सरकायला लागली तरी नाही. नरसिंहरावांचा तिच्यावर फार जीव. आणि तिचा मागचा डावा दिवा महिनाभर मेलेला!

"अप्पा, तुम्ही ब्रेक दाबलेला मागच्याला कळतच नाही," अक्षयानं बजावलं. "सोमवारी मी दारासुरम्‌ला स्कूटीवरून येते. मागून बघेन. दिवा पेटला तर ठीक, नाही तर लग्नाला भाड्याची गाडी!"

भाड्याची गाडी! नरसिंहरावांच्या घशात इडली अडकली.

सोमवारी दारासुरम्‌ला जायचं होतं ते साडीसाठी. अक्षयाची लग्नाची नऊवारी तिथला श्रीवत्स नावाचा विणकर विणणार होता. मागावर चढवण्याआधी रेशमाचा ताणा भल्या सकाळी गल्लीत लांबच लांब ताणून बांधतात आणि एकेक धागा साफ करतात. त्या ताण्याला नवरीच्या आईनं हळद-कुंकू लावायचं, अशी यांच्या घराची रीत. आणि तेही राहुकाळ लागायच्या आत, कारण सोमवारचा राहुकाळ मेला सकाळीच येतो.

गल्लीच्या तोंडाशी नरसिंहरावांनी गाडी उभी केली. समोर थोड्या अंतरावर लालभडक ताणा पसरलेला. उन्हात असा चमकत होता की भवानीबाईंचे डोळे भरून आले.

"राव सार, गाडी तिथंच राहू द्या!" श्रीवत्स लांबूनच ओरडला. "हा ताणा तुटला तर मुहूर्ताआधी दुसरा होणार नाही. तेवढं रेशीमही नाही माझ्याकडे."

"अरे, मी काय आजच गाडी चालवतोय?" नरसिंहराव हसले. मग खिशातून नवा बल्ब काढला. "अक्षया यायच्या आत हे उरकतो. पाच मिनिटांचं काम!"

"आणि लिंबं?" भवानीबाईंनी पिशवीतून चार लिंबं काढली. गाडीला नवं काही बसवलं की चाकाखाली लिंबं ठेवून ती चिरडून पुढं जायचं. त्याशिवाय त्यांनी ती गाडी कधी दारातून हलू दिली नव्हती.

"ठेव बाई, ठेव! आणि मग आत बस. मला ब्रेक दाबायला माणूस हवं."

भवानीबाईंनी लिंबं ठेवली आणि स्टिअरिंगपुढं बसल्या. गाडी चालवण्याशी त्यांचा हा जन्मातला पहिला संबंध. नरसिंहरावांनी बटण दाबून गाडी सुरू केली, एसी लावला, काच वर केली. "उकडायला नको तुला," म्हणाले. बायकोवर एवढी माया त्यांनी नेमकी त्याच दिवशी करायला नको होती!

डिकी उघडून ते आत वाकले. डावीकडच्या अस्तराला हाताएवढं भोक होतं, त्यातून हात घालून जुना बल्ब काढला, नवा बसवला. मग डिकीबाहेर तोंड काढून दणदणीत आवाजात हुकूम सोडायला सुरुवात केली.

"ब्रेक दाब!"

दिवा पेटला. झगझगीत!

"आता ती दांडी आर वर ने! पाय ब्रेकवरच!"

मागं जाण्याचा पांढरा दिवाही पेटला. वा! नरसिंहरावांना आपल्याशीच शेकहँड करावासा वाटला. आता राहिला मंद दिवा, रात्री जळतो तो. तो बघायचा तर ब्रेक सुटायला हवा. शिवाय होल्डर जरा सैल वाटत होता. त्यांनी पुन्हा भोकात हात घातला, कोपरापर्यंत, आणि दांडी अजून आर वरच आहे हे विसरून शेवटचा हुकूम सोडला.

"आता पाय काढ! आणि मी सांगेपर्यंत परत ठेवू नको, कळलं?"

"कळलं!" आतून आवाज आला.

आता मधल्या मधे काय झालं होतं, ते ऐका. चाकाखाली लिंबं आणि दांडी मागं जाण्याच्या खुणेवर! भवानीबाईंना ते बघवेना. शुभकार्याला निघालेली गाडी मागं कशी जाईल? आवाज तर नाही, म्हणजे इंजिन बंदच असणार. मग दांडी कुठंही असली म्हणून काय बिघडतं? त्यांनी ती गुपचूप पुढं जाण्याच्या खुणेवर आणून ठेवली. मग नवऱ्यानं सांगितलं तसा पाय काढला.

फट्! फट्! लिंबं फुटली. गाडी चालू लागली.

नरसिंहरावांच्या पायाखालची जमीन सरकली, म्हणजे अगदी खरोखरच! हात ओढला तर येईना. मनगटातलं तांब्याचं कडं आत कशात तरी अडकलं होतं. ओढलं तसं जास्तच रुतलं.

"भवानी! ब्रेक! ब्रेक दाब!"

पण डिकी आणि सीट यांच्यामध्ये त्या हायब्रिडची भिंतीएवढी बॅटरी. वर एसीची घरघर, काचा बंद आणि डिकीचं झाकण वर, त्यामुळं आरशात झाकणाशिवाय काही दिसेना. नरसिंहराव कमरेत वाकून, डोकं डिकीत, पाय रस्त्यावर, असे गाडीमागं धावत होते.

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या मुरलीनं हे पाहिलं. आवाज न करणारी गाडी, मागं वाकून धावणारा म्हातारा! बिचाऱ्याची गाडी बंद पडलीय, दुसरं काय!

"अय्यो, राव सार एकटेच ढकलतायत! या रे!"

आणखी दोघं धावत आले. तिघांनी बंपरला हात लावले. "तळ्ळु! तळ्ळु!" म्हणजे ढकला, ढकला, करत जोर लावला आणि गाडीनं वेग घेतला!

आता नरसिंहराव दिवसभर बाजारात खडाखडा तमिळ बोलणारे. पण जिवावर बेतलं की माणसाच्या तोंडातून घरचीच भाषा येते, आणि त्यांच्या घरची भाषा मराठी. सगळं तमिळ कुठं पळून गेलं कोण जाणे!

"ढकलू नका! अरे मेल्यांनो, गाडी चालू आहे! थांबवा!"

"काय म्हणतायत?" एकानं विचारलं.

"त्यांच्या देवाचं काहीतरी असेल. तू जोर लाव!" मुरली म्हणाला.

मान वाकडी केली तेव्हा गाडीच्या कडेनं नरसिंहरावांना एकदाच लाल रेशीम दिसलं. जवळ! फार जवळ! लेकीची साडी, मुहूर्त, श्रीवत्सचे शब्द, सगळं एकदम छातीवर येऊन बसलं. आपल्या हातानं आपण पोरीच्या लग्नाची साडी तुडवणार! त्यांना रडूच फुटलं.

"विठ्ठला!" ते जिवाच्या आकांतानं ओरडले. "विठ्ठला! विठ्ठला!"

हे मात्र तिघांनाही समजलं! कुंभकोणमच्या भजनात कोण बसलेलं नाही? "विठ्ठला, विठ्ठला!" तिघांनी ठेका धरला, आणि ठेक्यावर जोर कसा छान लागतो!

पुढं श्रीवत्स ताण्यासमोर दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. नरसिंहरावांना त्याची किंकाळी ऐकू आली. त्यांनी डोळे मिटले.

आणि गाडी थांबली.

अशी गचकन थांबली की नरसिंहरावांचं डोकं स्टेपनीवर आपटलं आणि हात कड्यातून सुटून बाहेर आला. तिघे त्यांच्या अंगावर कोसळले.

"निरुत्तु!" नरसिंहराव ओरडले. थांबवा! तमिळ परत आलं होतं.

लंगडत ते पुढं गेले. बंपर आणि श्रीवत्सची लुंगी यांच्यात वीतभर जागा होती. त्याच्या मागं ताणा तसाच, एकसुद्धा धागा न तुटलेला. श्रीवत्स मात्र मटकन खाली बसला होता.

भवानीबाईंनी काच खाली केली.

"रागावू नका वो. किती वेळा विचारलं, दाबू का, दाबू का? तुम्ही उत्तरच देईनात. मग मीच दाबला. न विचारता."

नरसिंहरावांनी खिडकीतून तिचा हात धरला.

"अप्पा!"

मागं स्कूटीवर अक्षया उभी होती. गल्लीत वळल्यापासून तिनं सगळं पाहिलं होतं. "दिवा मस्त पेटतोय," ती म्हणाली. "अगदी वेळेवर पेटला. बघून मीसुद्धा ब्रेक मारला."

नरसिंहरावांची छाती तेवढ्यातही फुगली. "मग? सांगितलं नव्हतं? मेकॅनिकची गरज..."

"गाडी लग्नाला येऊ दे," अक्षया म्हणाली. "पण पुढं अम्मा बसेल."

"मी?" भवानीबाई घाबरल्या. "मला कुठं गाडी चालवता येते गं? मला नुसती थांबवता येते!"

"चालवणारे आहेत की," अक्षया बापाच्या टेंगळाकडं बघत म्हणाली. "थांबवणारंच कुणी नव्हतं आपल्या घरात."