सुभाषभाऊ आमचा खेळ तपासतात

माझ्या काकूच्या तेराव्याचं जेवण झाल्यावर सुभाषभाऊंनी काकांना मांडवाच्या कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कार्यक्रम चांगला झाला. राग मानू नका, सुधारणा म्हणून सांगतो, पुढच्या वेळी वांगी जरा कोवळी घ्या." त्या दिवसापासून काकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. भाऊंना हे अजून कळलेलं नाही. काकांचा स्वभाव हल्ली शांत झालाय, असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगतात.

जळगावात आमच्या घरासमोर त्यांचं घर. एका सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. निवृत्तीनंतर कागद संपले, म्हणून माणसांवर मारायला घेतले. दातांच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असताना त्यांनी खुणा करून पाटीवरची वेलांटी चुकल्याचं दाखवलं होतं. कॉलनीच्या वॉचमनला ते म्हणाले, "तुझ्या शिट्टीने चोराला झोप येईल." लग्नात नवरदेवाला सांगतात की फेटा सुटणार, आणि तो सुटेपर्यंत स्टेजवरून हलत नाहीत.

अशा माणसाच्या हाती आमचा खेळ पडला, तो आईमुळे.

मी आणि धुळ्याची माझी मैत्रीण स्नेहा मिळून कॉम्प्युटरवरचा एक खेळ करत होतो. चित्रं तिची, बाकीचं माझं. सातपुड्याच्या पायथ्याची एक मुलगी आटलेल्या नदीचं मूळ शोधायला निघते. खेळणाऱ्याने ती मुलगी व्हायचं, गावात फिरायचं, लोकांशी बोलायचं, जंगलात लढायचं. सुरुवातीचा तुकडा आम्ही डेमो म्हणून फुकट वाटला होता, लोकांनी खेळून मत कळवावं म्हणून. महिनाअखेरीला तो खेळांच्या एका ऑनलाइन जत्रेत मांडायचा होता, आणि दोघींनी नोकरी सांभाळून त्यात जीव ओतला होता. पण मित्रमंडळी नुसतं "भारी" लिहून मोकळी होत होती. खरं कोणी बोलेना, असं मी जेवताना कुरकुरले. आईने ते भाजीवाल्यासमोर सांगितलं, आणि भाजीवाल्यापाशी भाऊ भोपळ्यावर टिचक्या मारत उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. "तुम्हाला अभिप्राय हवाय म्हणे," म्हणाले आणि माझ्या खुर्चीत बसले.

मी कीबोर्डवरच्या कळा समजावून दिल्या. मुलीने पहिल्याच घरात पाऊल टाकलं आणि भाऊ थांबले.

"ही न विचारता घरात शिरली."

"खेळात तसंच असतं, भाऊ."

"चपला घालून शिरली. आणि आता त्या लोकांचं मडकं फोडतेय."

"मडक्यात औषध सापडतं."

"मग नदीचं राहू दे. आधी हिला पोलिसात दे."

मग ते रोजच येऊ लागले. चंद्र रोज पौर्णिमेचाच का? कोंबडीला सावली आहे, मग सरपंचाला का नाही? राक्षसाला मारायच्या आधी त्याची काय मागणी आहे हे एकदा विचारून का घेत नाहीत? मी मान डोलवायची आणि संध्याकाळी स्नेहाला फोन करून भाऊंची नक्कल करायची. स्नेहा हसून लोळायची. तिने खेळात काढलेल्या केळीच्या बागेवर भाऊंनी "घड गरीब वाटतात" असा शेरा दिला, तेव्हा मात्र ती हसली नाही. तिने घड मोठे केले. भाऊ म्हणाले, "आता लठ्ठ वाटतात."

सगळ्यात वैताग म्हणजे ते पुढेच जात नव्हते. शेंबडी पोरं ज्या जंगलातून चहा पिता पिता बाहेर पडायची, त्यात भाऊ आठवडाभर फिरत होते. मला वाटलं, हे दुसऱ्यांना वाट दाखवणारे गृहस्थ स्वतः साधी पायवाट ओळखू शकत नाहीत.

त्या जंगलात मुलीबरोबर शेळ्या राखणारी एक म्हातारी अक्का चालायची. मुलगी वाट चुकली की तिकडे कुठे चाललीस म्हणून अक्का तिला अहिराणीत टोकायची, "तठे कथा चालनी? वाट आठे शे." जंगल संपलं की अक्काने गावी परतायचं, असं आम्ही ठरवलं होतं. पण माझ्या हातून काहीतरी राहून गेलं होतं आणि अक्का परतायचीच नाही. डोंगरावर, नदीपात्रात, राक्षसाच्या गुहेत, सगळीकडे मागे मागे टोकत यायची. पुढे ज्या अनोळखी लोकांनी लिहून कळवलं, त्यांनी सगळ्यात आधी हीच चूक लिहिली होती. सरपंचाची सावली मोजणाऱ्या भाऊंना मात्र जंगलाबाहेर पडून ती बघणंही जमलं नव्हतं. यावरही आम्ही दोघी पोटभर हसलो आणि मी चूक दुरुस्त करून टाकली.

दुसऱ्या दिवशी भाऊ खेळता खेळता एकदाचे जंगलाबाहेर पडायला आले. जंगलाच्या टोकाला अक्का थांबली, "जाय बेटा," म्हणाली आणि शेळ्या घेऊन वळली. भाऊंनी मुलीला तिच्या मागे परत गावात नेलं. अक्काच्या झोपडीचं दार बंद होतं. त्यांनी दारावर एकदा टकटक केली, मग बराच वेळ करत राहिले.

"ही उघडत का नाही?"

"तिचं काम संपलं, भाऊ. आधी चुकून मागे येत होती. आता बरोबर केलंय."

"कोनी सांगं तुले बरोबर करायले?" राग आला की त्यांची चोपड्याकडची बोली बाहेर यायची. पण आवाज रागाचा नव्हता. चहा तसाच ठेवून ते उठले. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सगळ्यांना सांगत फिरतो. मला सांगणारी एकच होती. कुसुम. शर्टाचं बटण वरखाली लागलं तर गेटपर्यंत धावत यायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन, पोरी. मी कसाही बाहेर पडतो, कोणी काही म्हणत नाही."

मी बघितलं. शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली होती. ते गेटबाहेर जाईपर्यंत मी ती नुसती बघत राहिले.

संध्याकाळी स्नेहाला फोन केला. या वेळी नक्कल केली नाही. ती आधी म्हणाली, "एका माणसासाठी चूक परत घालायची? जत्रेतले लोक हसतील." मग म्हणाली, "जंगलाच्या टोकाला मुलीला विचारू दे ना, अक्का, येतेस का? ज्याला हवी तो घेऊन जाईल. गुहेत, डोंगरावर तिचे हावभाव मी नव्याने काढते." दोघींचा तो रविवार त्यात गेला.

सोमवारी भाऊंना बोलवायला मी स्वतः गेले. जंगलाच्या टोकाला प्रश्न आला. भाऊंनी चष्मा पुसला, तो दोनदा वाचला आणि "हो" दाबलं. अक्का शेळ्या हाकत मागे निघाली. त्यांनी शेरा मारला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

समोर डोंगराची वाट रुंद आणि स्वच्छ होती, स्नेहाने दोन्ही बाजूंना पांढरे दगड काढले होते. भाऊंनी ती नीट पाहिली. मग मुलीला तिथून वळवलं आणि सरळ काटेरी कुंपणाकडे चालवत नेलं.

"तठे कथा चालनी?" अक्का म्हणाली.

"हो, हो," भाऊ पुटपुटले, आणि मुलगी तशीच कुंपणाकडे चालत राहिली.