द्वारकाबाईंचं दही

शिवकन्या वाटी पदराखाली घेऊन उंबरा ओलांडणार, तोच चुलीपुढून सासूबाईंचा आवाज आला, "कुठं निघालीस गं?"

"नीलम्माताईकडं, आत्या. विरजण आणते."

द्वारकाबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. दारात दोन दुभत्या म्हशी, घरात गाडगंभर दही, आणि सून निघाली विरजण मागायला!

"आगं, तिच्या दारात शेळी बी न्हाय."

"विकतच्या दुधाचं लावतात त्या. पर लई घट्ट लागतंय," असं म्हणून शिवकन्या सटकलीसुद्धा.

खरी गोष्ट अशी, की तिला विरजण नको होतं, पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट हवं होतं. नीलम्मा गावची आशाताई. तिचं घर नेमकं पारासमोर, त्यामुळे तिच्याकडे रिकाम्या हातानं जाणाऱ्या बाईची बातमी तिच्याआधी घरी पोचायची. हातात वाटी असली की पारावरची मंडळी मान वर करत नसत. शिवकन्येला दोन मुली होत्या. धाकटीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. आता कुठं अंगात जीव आला होता, शिलाई मशीन सुरू झालं होतं. पण द्वारकाबाईंनी अणदूरच्या खंडोबाला नातवाचा शब्द देऊन ठेवला होता, आणि गोळ्यांनी बाई आतून वाळते हे त्यांचं पक्कं मत होतं. रणधीरची, म्हणजे नवऱ्याची, ना नव्हती. प्रश्न एवढाच होता, की हे आईला सांगायचं कुणी?

"तू सांग," तो म्हणायचा.

"आई तुमची हाय."

"म्हणून तर म्हणतोय, तू सांग!"

तेव्हा वाटी बरी होती. पण महिन्याच्या महिन्याला बाहेर पडणारी वाटी गावाच्या डोळ्यांत भरायला लागली. शेजारच्या चन्नम्मानं अर्थ लावला: द्वारकाबाईंचं दही लागेनासं झालंय. आता हे दही म्हणजे द्वारकाबाईंचा जीव की प्राण. गावातलं कुठलंही जेवण त्यांच्या कढीशिवाय उठत नसे. आणि एके दिवशी चन्नम्मा दारात येऊन मान खाली घालून म्हणाली, "वहिनी, नातवाच्या जावळाला ह्या बारीला दही जळकोटहून मागवलंय. वाईट वाटून घेऊ नगा. कुणीतरी नजर लावली असंल तुमच्या दह्याला."

त्या दिवशी द्वारकाबाई जेवल्या नाहीत. त्यांनी दोन्ही म्हशींवरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, शिंगांना लिंबं बांधली. मिरच्यांच्या धुरानं म्हशी ठसकल्या आणि संध्याकाळी एकीनं लाथ झाडून चरवी उलटी केली. नजर लागल्याची त्यांना खात्रीच पटली. सगळं कळत असून शिवकन्येला बोलता येईना. सासूचं पडलेलं तोंड बघून तिला खरंच वाईट वाटत होतं, पण खरं बोलावं तर गोळ्या बंद होणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईंनी तांब्या घासला. "आता म्याच जाते नीलम्माकडं. बघू तर दे, असलं कसलं दही हाय!"

"तुमी कशाला आत्या, मी जाते की!"

"तू बस."

नीलम्माच्या घरात दह्याचा थेंब नसणार हे शिवकन्येला ठाऊक होतं. सासू पुढच्या दारानं निघाली तशी तिनं गाडग्यातलं दही हाताला लागेल त्या वाटीत ओतलं आणि गोठ्यामागच्या बोळातून धूम ठोकली. मागच्या दारानं वाटी नीलम्माच्या हातात कोंबली. "ताई, आत्या यायल्यात. हे तुमचं दही म्हणून द्या!" एवढं बोलून ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली.

ओसरीवर मात्र वेगळीच पंचाईत झाली होती. द्वारकाबाई टेकतात न टेकतात, तोच चन्नम्माची सून शिवप्रिया वाटी घेऊन आत आली. त्यांना पाहून जागीच थिजली.

"तू कशाला गं?"

"वि... विरजण."

"तुमच्या दारात तर तीन गायी हायत."

शिवप्रियानं उत्तर द्यायच्या आत सरपंचांची सून आली, तिच्या हातातही वाटी. मागोमाग पोस्टमनची बायको. ज्यांच्या घरी लोण्याचे गोळे निघत, त्या सगळ्या सुना विरजणासाठी ओळीनं भिंतीला टेकल्या. कुणी कुणाकडे बघेना.

"आगं, गावातलं समदंच दही नासलं का काय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात नीलम्मानं घाम पुसत वाटी पुढं केली. द्वारकाबाईंनी बोटभर दही चाखलं. पुन्हा चाखलं. मग वाटी उचलून खालून पाहिली. बुडाशी नाव कोरलेलं होतं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण लेकीच्या, दैवशालाच्या, लग्नात भांड्यांवर टाकून घेतलेलं आपलं नाव त्यांनी झोपेतही ओळखलं असतं.

त्यांनी वाटी खाली ठेवली. रांगेतल्या सुनांकडे पाहिलं, खुंटीवरच्या नीलम्माच्या पिशवीतून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांकडे पाहिलं आणि शेवटी दाराखालून दिसणाऱ्या, ओळखीच्या जोडव्यांच्या पावलांकडे पाहिलं. मग तांब्या उचलून त्या उठल्या.

शिवकन्या घरी पोचली तेव्हा द्वारकाबाई म्हशीच्या शिंगाचं लिंबू सोडत होत्या.

"मिरच्या ओवाळल्या म्या," त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "मुक्या जनावराला उगं ठसका लावला."

"आत्या, चुकलं माझं. पर गोळ्या..."

"गप."

आठवड्यानं जळकोटहून दैवशाला माहेरी आली. लागोपाठच्या तीन बाळंतपणांनी तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. द्वारकाबाईंनी लेकीला दूधभात भरवला, माजघरात निजवलं आणि बराच वेळ तिच्या उशाशी बसून राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वाट्या होत्या. एक नाही, दोन.

"नीलम्माकडं जाऊन ये," त्या सुनेला म्हणाल्या. "एक तुझी. एक दैवशालाची. म्या इचारलं तिला, ती नुसती हुं म्हणाली. काय बघायचं, तपासायचं आसंल तर नीलम्मालाच मागच्या दारानं ये म्हणावं. खंडोबाला म्या सांगते काय सांगायचं ते."

शिवकन्येचे डोळे भरून आले. तरी दारापर्यंत जाऊन ती थबकली. "आन् आत्या, दोन दोन वाट्या कशाला म्हणून कुणी इचारलं तर?"

द्वारकाबाईंनी दह्याच्या गाडग्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मोठा सुस्कारा सोडला.

"सांग," त्या म्हणाल्या, "द्वारकाबाईचं दही लागंना झालंय."